एका वॅटचा पंचविसावा भाग

रविवार, १५ डिसेंबर २०२४

व्यापारी संघाची ही डायरी वर्षभर कोरी पडली होती. आज उघडली, कारण मी एक शब्द देऊन बसलोय आणि तो कसा पाळायचा ते मला ठाऊक नाही. महानंदाला सांगितलं तर ती गालात हसते. बायकोच्या हसण्यापेक्षा कागद बरा.

सकाळी कोडोलीचे कृष्णातमामा आले. आप्पा, म्हणजे माझे वडील, असताना त्यांचा गूळ आमच्याच अडतीला यायचा. आता त्यांनी गुऱ्हाळ बंद केलंय आणि डोळे अधू झालेत. तरी आले ते सरळ आपल्या ठरलेल्या खुर्चीत, आप्पांच्या दोन स्पीकरांसमोर, गुडघ्यांवर हात ठेवून बसले. आप्पा होते तोवर दर रविवारी ते आणि आणखी दोघे जुने व्यापारी असेच बसायचे आणि आप्पा रेकॉर्ड लावायचे.

"लावा की मालक," मामा म्हणाले.

"मामा, ॲम्प्लिफायर न्हाय हितं. वीरेशकडं हाय."

"मग आणा की."

वीरेश माझा धाकटा भाऊ. त्याचं घर रिक्षानं गेलं तर चहा निवायच्या आत येतं. पण उन्हाळ्यात वाटणी झाली तेव्हापासून आम्ही एकमेकांशी बोललेलो नाही.

मामा म्हणाले, "डोळं गेल्यात. कान हाईत तवर ती बाईंची तोडी रागाची रेकॉर्ड एकदा ऐकवा. आप्पांच्या वर्षाला ऐकवा. मग माझं काय का हुईना."

मी म्हणालो, "वर्ष अठराला. दुसऱ्या दिवशी, एकोणीस जानेवारीला, रविवार हाय. या." तोंडातून निघून गेलं.

आता वाटणीचंही लिहून ठेवतो, म्हणजे कुणी मला नावं ठेवायला नको. थोरल्यानं वाटे करायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचं, ही आमच्याकडची रीत. दुकान, घर, शेत सगळं सुरळीत झालं. शेवटी राहिलं आप्पांचं वाजवायचं सामान. गारगोटीची एक टॉकीज बंद पडली तेव्हा पडद्यामागचे ते दोन स्पीकर आप्पांनी आणले होते. माझ्या छातीला लागतील एवढे उंच, खाली परातीएवढा कागदी कोन, वर भोंगा. त्यांना जुळेल असा आठ वॅटचा ॲम्प्लिफायर त्यांनी स्वतः बनवला. काचेच्या व्हॉल्व्हचा. त्याचा ट्रान्सफॉर्मर उद्यमनगरात कारागिराशेजारी स्टूल टाकून गुंडाळून घेतला. वीरेश म्हणाला, "अण्णा, ह्ये तोडू नको. सगळं तूच घे." मी म्हटलं, फुकटचं मला नको. उद्या कुणी म्हणेल थोरल्यानं हाणलं. म्हणून मी एका वाट्यात ॲम्प्लिफायर ठेवला आणि दुसऱ्यात स्पीकर. ॲम्प्लिफायर जरा भारी भरत होता, म्हणून स्पीकरांच्या बाजूला प्लेअर टाकून तोल साधला. रेकॉर्डी निम्म्या-निम्म्या. वीरेशनं माझ्याकडं पाहिलं, ॲम्प्लिफायर आप्पांच्या शालीत गुंडाळला आणि निघून गेला.

वाटे अगदी काट्यावर बसले होते. माझं काय चुकलं ते मला अजून कळलेलं नाही.

बुधवार, १८ डिसेंबर

नवा ॲम्प्लिफायर आणला. वहीएवढा आहे आणि खोक्यावर वॅटचा आकडा असा, की आप्पांना भोवळ आली असती. जोडला, चालू केला. गाणं लावायच्या आधीच स्पीकरमधून सर्रर्र आवाज. दूध उतू जाण्याआधी करतं तसा. गाणं लावलं तरी मागे दूध तापतच राहिलं.

दुकानदाराला फोन केला. तो म्हणतो, आमच्याकडे तर काहीच आवाज येत नाही, तुमचे स्पीकर खराब असतील. आप्पांच्या स्पीकरांना खराब म्हणतो! मी फोन ठेवून दिला.

महानंदा पोळ्या लाटत होती. म्हणाली, "स्पीकर खराब न्हाईत. त्ये तिखट कानाचं हाईत. दुसऱ्या स्पीकरवर जी खरखर ऐकू येत न्हाय, ती ह्ये मोठी करून दावत्यात. आप्पांच्या ॲम्प्लिफायरला खरखरच नव्हती, म्हणून कळलं न्हाय आपल्याला."

"तुला कुणी सांगितलं?"

"पेपरात आलतं."

आमच्या पेपरात काय काय येतं आणि मी नुसते गुळाचे दर बघतो.

रविवार, २२ डिसेंबर

मागच्या गल्लीतल्या तालमीचा पृथ्वीराज डॉल्बी भाड्यानं देतो. त्याला विचारलं. तो ऐकून एवढा हसला की त्याला पाणी द्यावं लागलं.

"काका, आठ वॅट? आठ वॅटात डास तरी मरतोय का? वॅट पायजेत वॅट! स्पीकर म्हंजे बैल हाय, त्याला हाणाय मोठा माणूस लागतोय."

दोन गडी घेऊन आला आणि हॉलमध्ये लोखंडी पेटीसारखा एक ॲम्प्लिफायर ठेवला. त्याच्या पंख्याचाच आवाज आमच्या मिक्सरएवढा. मग त्यानं बोटानं बटण जरासं हलवलं, जेमतेम केसभर, आणि तोडी सुरू झाली.

खोटं का बोलू, मी थक्क झालो. खिडक्यांच्या काचा थरथरल्या, मांडणीवरचं एक ताट खाली आलं, छातीत कुणी आतून दार ठोठावल्यासारखं वाटलं. देवानं माणसाच्या हातात केवढी ताकद दिलीय! शेजारच्या काकूंनी गॅलरीत येऊन माझ्या नावानं जे म्हटलं तेही मोठंच होतं, पण ऐकू आलं नाही.

पृथ्वीराज खूश. "बघा, ह्याला म्हणत्यात आवाज."

आवाज होता, यात वाद नाही. पण आप्पा लावायचे तेव्हा पहिल्या सुराआधी गाणाऱ्या बाईंनी घेतलेला श्वास ऐकू यायचा. लहान असताना मी एकदा स्पीकरामागे जाऊन बघितलं होतं, खरंच कुणी बसलंय का. आज बाई भिंतीएवढ्या झाल्या होत्या, पण श्वास घेत नव्हत्या. पंखा घेत होता.

"राहू दे आठवडाभर," पृथ्वीराज म्हणाला. "सवय हुईल."

बुधवार, २५ डिसेंबर

वाईट झालं. लिहायलाही हात धजत नाही.

सकाळी लोखंडी पेटी चालू केली. आवाजाचं बटण शून्यावर नव्हतं हे माझ्या ध्यानात आलं नाही. टप्प असा एक आवाज झाला, फुगा फुटल्यासारखा, आणि मग डाव्या भोंग्यातून काहीच नाही. खालचा कोन घुमतोय, वरचा भोंगा मुका. बाई घोंगडं पांघरून गातायत असं वाटलं.

पृथ्वीराज आला, भोंग्यात फुंकर मारून बघितली आणि म्हणाला, "गेला. पण काका, जाताना कसला वाजला असंल!" मी त्याला त्याच्या पेटीसकट घालवून दिलं.

जानेवारीत आप्पा गेले तेव्हा मी रडलो नव्हतो, माणसं यायची होती, सोय बघायची होती. आज त्या भोंग्यापुढं बसून रडलो. टॉकीजमध्ये हजारो लोकांपुढं जो वाजला, आप्पांनी जो घरात आणून जपला, तो मी एका सकाळी मारला. आता मामांना काय ऐकवू?

रविवार, २९ डिसेंबर

महानंदा म्हणाली, "माझा मावसभाऊ आजऱ्याला असतोय. त्याच्या वळखीत एक माणूस हाय, असलं दुरुस्त करतोय. भोंग्याच्या मागचा तुकडा काढून द्या, मी पाठवते."

आजऱ्यात काजू फोडतात हे माहीत होतं, भोंगेही दुरुस्त करतात हे आज कळलं. बुडत्याला काय, मी होय म्हणालो.

तुकडा काढायचं काम रक्षितानं केलं. आमची लेक बारावीला आहे, सायन्सला, हात स्थिर. मोबाईल समोर उभा करून ठेवला होता आणि त्यातून कुणीतरी तिला सांगत होतं: आधी मागचे चार स्क्रू, मग तारा, पडद्याला बोट लावू नको.

मी आत जाताच फोन पालथा झाला.

"कोण हाय ग?"

"मैत्रीण."

मैत्रिणीचा घसा फारच बसला होता. या थंडीत आइस्क्रीम खातात या मुली. मी तसं म्हणालोही. दोघी मायलेकी एकमेकींकडं बघून खोकायला लागल्या, म्हणजे साथच दिसतेय.

शुक्रवार, ३ जानेवारी २०२५

आज जे बघितलं ते नीट लिहून ठेवायला हवं, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

रक्षिता कॉलेजातून मीटर घेऊन आली. म्हणाली, "पप्पा, आपल्या स्पीकरांचा ओहम किती?"

"सोळा. कशाला?"

"प्रोजेक्ट हाय."

मग तिनं त्या वहीएवढ्या ॲम्प्लिफायरवर उजवा, धड असलेला स्पीकर जोडला. म्हणाली, "आजोबा लावायचे तेवढा आवाज करा. जास्त न्हाय, कमी न्हाय." मी डोळे मिटले, आप्पांची खुर्ची, चहाच्या कपबश्या, मामांचा खाकरा सगळं आठवलं आणि हळूहळू बटण फिरवत नेलं. एका जागी हात आपोआप थांबला. तेवढाच. खोली भरली, पण शेजारी बसलेल्याशी बोलता आलं असतं.

मग तिनं गाणं थांबवलं, मोबाईलवर तेवढ्याच आवाजाचा एकसुरी सूर लावला, मीटरच्या दोन काड्या स्पीकरच्या तारांना टेकवल्या आणि आकडा वाचला. कागदावर गुणाकार-भागाकार केला. पुन्हा केला.

"पप्पा, किती वॅट लागत असतील, सांगा."

"चारेक?"

"एका वॅटचा पंचविसावा भाग."

मी म्हटलं, दशांश चुकलाय. तिनं मला मीटर दाखवला, हिशेब दाखवला. चुकला नव्हता. देवापुढच्या लुकलुकत्या माळेतले दोन-चार दिवे पेटायलाही याहून जास्त लागत असेल, आणि एवढ्याशात अख्खी खोली गाण्यानं भरली होती! एक बाई, त्यांचा गळा, तंबोरा, तबला, वर मामांच्या डोळ्यांतलं पाणी, सगळं त्या एका वॅटच्या पंचविसाव्या भागात. मी खुर्चीत बसलो.

"मग आप्पांनी आठ वॅट कशाला ठेवले?"

ती म्हणाली, "बाई एकदम वर जात्यात, तबल्यावर थाप पडती, तवा क्षणभर शंभर-दोनशेपट लागत्यात. पंचविसाव्या भागाची दोनशेपट म्हंजे किती?"

आठ. बरोबर आठ.

म्हणजे आप्पांनी आठ हा आकडा हौसेनं धरलेला नव्हता. या स्पीकरांसाठी, या खोलीसाठी, या गाण्यासाठी मापून घेतला होता. आणि आम्ही पोरं लोकांना सांगायचो, आमच्या आप्पांचा ॲम्प्लिफायर लहान आहे, पण बरा वाजतो!

अजून एक गोष्ट तिनं सांगितली. वॅट दुप्पट केले तर आवाज दुप्पट होत नाही, कानाला जेमतेम फरक पडतो. दुप्पट वाटायला दहापट वॅट लागतात. हे मला पचायला वेळ लागला. गुळात असं नसतं. दोन ढेपा म्हणजे एका ढेपेच्या दुप्पट, काट्यावर आणि पाठीवरही. पण कान काट्यासारखा मोजत नाही. फार हळू आवाजही तो जपून मोठा करून घेतो आणि फार मोठा झाला की आवरता घेतो. केवढी करामत आहे ही, आणि ती प्रत्येकाच्या डोक्याला दोन्ही बाजूंनी फुकट लावून दिलेली. पृथ्वीराजची ती पेटी म्हणजे तुळशीला पाणी घालायला टँकर आणण्यासारखं होतं.

रक्षिता मीटर गुंडाळताना म्हणाली, "आणि काही स्पीकर उलटे असत्यात. लहान दिसत्यात, पण खादाड. तेवढ्याच आवाजाला त्यांना पंचवीसपट लागतंय. थाप पडली की शंभर, दोनशे वॅट. तिथं आजोबांचा आठ वॅटवाला गुदमरतोय."

"असले स्पीकर आपल्या ॲम्प्लिफायरला कोण लावणार?"

"लावत्यात कोण कोण," ती म्हणाली आणि जेवायला गेली.

मंगळवार, ७ जानेवारी

बाजारात कळलं, वीरेशनं नवे स्पीकर घेतलेत. हातात मावतील एवढे, परदेशी. आणि ते वाजतात म्हणे बसलेल्या घशासारखे. थाप पडली की फाटतात.

मला आधी बरं वाटलं. का खोटं लिहू? म्हटलं, घे, उचल अजून ॲम्प्लिफायर. दुपारपर्यंत बरं वाटत होतं. मग जेवताना वाटेना. त्याला ट्रान्सफॉर्मर गुंडाळता येतो, आप्पांनी त्याला शेजारी बसवून शिकवलं होतं. मला नाही शिकवलं, माझा हात जड. एवढं येणारा माणूस स्वतःचे स्पीकर नीट लावू शकत नाही? मागे काहीतरी जुळवायचं राहिलं असेल. कुणीतरी त्याला सांगायला हवं. मी नाही सांगणार.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. आजऱ्याहून तुकडा दुरुस्त होऊन आला, सोबत तिळगुळाचा डबा. तिळगुळात काजू होते, म्हणजे आजऱ्याचाच. असे काजू घालून वीरेशची बायको सुष्मिता करायची, तीही तिकडूनच शिकली असेल.

तुकडा भिंगाखाली धरून बघितला. केसाहून बारीक तारेचे वेढे, एकावर एक नाही, शेजारी शेजारी, ओळीनं लावलेल्या भाताच्या रोपांसारखे. एकही वेढा वाकडा नाही. आप्पांच्या हातचं काम मी बघितलंय. त्यांच्यानंतर असं काम करणारा माणूस या जिल्ह्यात आहे आणि मला ठाऊक नाही! मी महानंदाला म्हणालो, त्या माणसाला एकदा भेटलं पाहिजे, त्याच्या हाताला हात लावला पाहिजे.

"भेटा की," ती म्हणाली. "तुमालाच वेळ न्हाय."

रक्षितानं तुकडा बसवला. भोंगा बोलला. मी स्पीकरला हात जोडले, रक्षिता हसली, हसू दे.

पण मागे दूध तापतंच आहे. या वहीएवढ्या ॲम्प्लिफायरवर श्वास ऐकू येत नाही आणि येणारही नाही.

गुरुवार, १६ जानेवारी

तीन दिवस राहिलेत. या स्पीकरांना आप्पांचाच ॲम्प्लिफायर हवा, दुसरं काही चालणार नाही, हे आता मला पक्कं कळलंय. आणि तो मागायला मी जाणार नाही, हेही पक्कं. थोरला मी.

दिवसभर दुकानात बसून विचार केला आणि तोड सापडली. ॲम्प्लिफायर मागायला जाणं म्हणजे हात पसरणं. पण स्पीकर घेऊन जाणं म्हणजे काही मागणं नव्हे. ते माझे आहेत, मी ते कुठेही नेईन. गुळाच्या टेम्पोत घालायचे, वीरेशच्या दारात उतरवायचे, म्हणायचं कृष्णातमामांना इथंच ऐकवू. शब्द पाळला जाईल आणि मान खाली जाणार नाही.

एवढी युक्ती आपल्याला सुचली याचं मला नवल वाटलं. महानंदाला सांगितलं. ती म्हणाली, "अगं बाई, व्हय?" पण लाटणं काही थांबलं नाही.

वीरेशला कळवायचं नाही असं मी बजावलं. कळलं तर तो आधीच ॲम्प्लिफायर घेऊन इकडे येईल आणि मोठेपणा त्याला जाईल.

शनिवार, १८ जानेवारी

मठात आप्पांच्या वर्षाची पूजा झाली. वीरेश खांबाच्या त्या बाजूला, मी या बाजूला. स्वामींनी दोघांना एकदम पुढं बोलावलं तेव्हा शेजारी उभे राहिलो. त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना भाजल्याचे डाग होते, बारीक बारीक. कशानं भाजलं असेल? विचारावंसं वाटलं. तोही माझ्याकडं बघत होता. मग कुणीतरी आरतीचं ताट मध्ये आणलं आणि राहून गेलं.

केस पांढरे झालेत त्याचे. आप्पांसारखे कानावरून आधी.

रविवार, १९ जानेवारी

सकाळी चार हमाल आले. स्पीकर पोत्यांवर आडवे घालून टेम्पोत चढवले, प्लेअर आणि तोडीची रेकॉर्ड रक्षितानं मांडीवर घेतली. महानंदा आणि रक्षिता नेसून-सवरून तयार. मी म्हटलं, कृष्णातमामांना थांबवायला हवं, ते आपल्या घरी येतील. महानंदा म्हणाली, "त्ये तिकडंच गेल्यात."

"तिकडं म्हंजे?"

"चला आता, उशीर हुतोय."

मी पुढं बसलो. चौकाचौकात गतिरोधक, आणि प्रत्येकावर माझा जीव मागे. ड्रायव्हरला म्हणालो, गूळ न्हाय, बाबा, माझे आप्पा हाईत त्यात. तो माझ्याकडं बघून फारच हळू चालवायला लागला.

वीरेशचं दार सताड उघडं होतं. हॉलमधला सोफा भिंतीला सरकवलेला, मध्ये जमिनीवर खडूनं आखलेले दोन चौकोन. कृष्णातमामा आणि आप्पांच्या वेळचे ते दोघे खुर्च्यांवर बसलेले. सुष्मिता हातात उप्पिटाच्या बशा घेऊन उभी. मला वाटलं आज यांच्याकडं दुसरं काही कार्य आहे, आपण भलत्या वेळी आलो. तेवढ्यात वीरेश बाहेर आला, त्यानं हमालांबरोबर स्पीकरला खांदा दिला. स्पीकर त्या चौकोनांत उतरले आणि रेघेला रेघ लागून बसले. या लोकांना माप कुठून मिळालं?

ॲम्प्लिफायर खाली, बुटक्या पाटावर होता, तीच शाल खाली घातलेली. मी तारा घेऊन त्याच्या मागे गेलो आणि गुडघे टेकून मोबाईलचा दिवा लावला. मागे तीन स्क्रू आहेत: चार, आठ आणि सोळा. ज्या ओहमचा स्पीकर, त्या आकड्याच्या स्क्रूला ॲम्प्लिफायरची तार अडकवायची, तरच दोघांचं जमतं. चुकीच्या स्क्रूला असली की ताकद वाया जाते आणि आवाज गुदमरतो. वीरेशचे नवे, लहानगे स्पीकर कोपऱ्यात सारून ठेवले होते. त्यांच्या पाठीवर चारचा आकडा होता. म्हणजे तार चारच्या स्क्रूवर असणार आणि ती हलवायला मला सांगावं लागणार. वस्तू त्याची, परस्पर हात कसा लावू?

मागे मामा खाकरले. शेवटी म्हणालो, "सोळावर घे."

वाटणीनंतरचा माझा त्याच्याशी पहिला शब्द हा.

वीरेश म्हणाला, "सोळावरच हाय, अण्णा."

मी दिवा जवळ नेला. सोळावरच होती. आप्पा स्क्रू आवळला की डोक्यावर लाल रंगाचा एक थेंब सोडायचे, हलला तर कळावं म्हणून. थेंब अखंड होता. चीरसुद्धा नाही.

"तुझे स्पीकर तर चारचे," मी म्हणालो.

"व्हय."

"मग ते ह्याच्यावर कसे वाजले?"

"वाईट वाजले. घोगरे. थाप पडली की फाटायचे."

"येडा हाईस काय रे? एक स्क्रू फिरवायचा हुता. तुला ठावं न्हाय व्हय?"

"ठावं हाय की." तो माझ्यासमोर वाकला. जवळून त्याच्या बोटांचे डाग दिसले, तारा जोडायच्या तापलेल्या डागणीचे बारीक डाग, आणि आजऱ्याचा माणूस कोण ते मला एकदाचं कळलं. "स्क्रू फिरवला असता तर वाटणी झाली असती, अण्णा. तू केलीस. मी अजून केलेली न्हाय."

मी तारा लावल्या. डाव्या स्पीकरची दोनदा सुटली, तेव्हा त्यानं ती जागेवर धरली आणि स्क्रू मीच आवळला.

रक्षितानं रेकॉर्ड ठेवली. व्हॉल्व्ह हळूहळू लाल झाले. सुई टेकली आणि काहीच ऐकू आलं नाही, दूध नाही, पंखा नाही, एवढी शांतता की मला वाटलं पुन्हा काहीतरी मोडलं. मग त्या शांततेत, आमच्यापासून हातभर अंतरावर, बाईंनी श्वास घेतला.

कृष्णातमामांनी न दिसणाऱ्या डोळ्यांनी समोर बघत हात जोडले. "आल्या," ते म्हणाले.

मला उठून पुढं जायला हवं होतं, माझ्यासाठी मधली खुर्ची ठेवली होती. मी तारांपाशीच बसून राहिलो. वीरेशनं ते बघितलं आणि तो खालीच माझ्याशेजारी येऊन बसला, भिंतीला पाठ लावून. ॲम्प्लिफायरच्या मागे, स्पीकरांच्या पाठीशी, ऐकायला याहून वाईट जागा त्या घरात नसेल. तिथून आम्ही दोघांनी तोडीची अख्खी बाजू ऐकली.